सक्रियित ॲगॅरोज रेझिन

प्रथिने कायमची जखडून ठेवता यावीत म्हणून रासायनिक संस्कार केलेल्या ॲगॅरोजच्या बारीक मण्यांना सक्रियित ॲगॅरोज रेझिन म्हणतात. आसक्ती वर्णलेखनात, म्हणजे ॲफिनिटी क्रोमॅटोग्राफीत, हे मणी नळीत भरतात. मण्यांवर बसवलेले प्रथिन मिश्रणातून आपला जोडीदार तेवढा पकडते आणि बाकीचा ऐवज खाली वाहून जातो.

ॲगॅरोज ही साखळीदार शर्करा लाल समुद्रशैवालापासून मिळते. स्वयंपाकघरातल्या चायना ग्रासमधलाच हा शुद्ध अंश. स्टेलान येर्तेन यांनी 1964 मध्ये त्याचे मणी बनवण्याची रीत दिली. अक्सेन, पोराथ आणि एर्नबाक यांनी 1967 मध्ये सायनोजेन ब्रोमाइड वापरून अशा शर्करांना प्रथिने जोडून दाखवली, तर 1968 मध्ये क्वात्रेकासास, विल्चेक आणि अन्फिन्सेन यांनी त्यावर एंझाइमे शुद्ध करण्याची पद्धत उभी केली. सायनोजेन ब्रोमाइड अत्यंत विषारी आहे. त्यामुळे महाविद्यालयाने सक्रियण (म्हणजे मण्यांवर प्रथिनाशी बंध जुळवणारे गट तयार करणे) स्वतः करण्याच्या फंदात पडू नये, तयार कोरडी पूड विकत घ्यावी.

सातारा-सांगली पट्ट्यात उदाहरण म्हणून सोयाबीनइतके सोयीचे दुसरे काही नाही. खरिपात ते कृष्णाकाठी जागोजाग दिसते, आणि कच्चे सोयाबीन कोंबड्यांना घालू नये, भाजून किंवा उकडून घालावे, हे पाळणाऱ्याला ठाऊक असते. कारण त्यात ट्रिप्सिन या पाचक एंझाइमाला अडवणारे एक प्रथिन असते. कुनिट्झ यांनी 1945 च्या सुमारास ते स्फटिकरूपात वेगळे केले. ट्रिप्सिन मण्यांवर बसवून त्यावरून सोयाबीनच्या पिठाचा अर्क सोडला, तर हे अवरोधक प्रथिन नळीत अडकून राहते.

बसवण्याची क्रिया ही खरे तर प्रथिन आणि पाणी यांच्यातली शर्यत असते. मण्यांवरचे क्रियाशील गट प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या अमाइन गटाशी बंध जुळवतात, पण पाणीही त्यांना हळूहळू निकामी करत असते. म्हणून पूड आधी 1 मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात फुलवून धुतात. आम्लात हे गट टिकतात आणि पुडीत मिसळलेले संरक्षक पदार्थही निघून जातात. एक ग्रॅम पुडीचे साधारण साडेतीन मिलिलिटर जेल होते. धुणे संपले की वेळ न दवडता 8 ते 9 सामूच्या (पीएचच्या) बफरमधले, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातले, प्रथिन त्यात मिसळायचे. या सामूला लायसिनचे पुरेसे अमाइन गट मोकळे असतात.

नवशिक्याचा घात बहुधा बफरात होतो. ट्रिस किंवा ग्लायसिन असलेल्या बफरमध्ये प्रथिन ठेवले असेल, तर त्यांचेच अमाइन मण्यांवर जाऊन बसतात आणि प्रथिन बाहेर ताटकळते. अगोदर डायलिसिस करून, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून लहान रेणू बाहेर जाऊ देऊन, ते काढावेच लागतात. ट्रिप्सिनची आणखी एक खोड आहे: ते स्वतःलाच खाते. कॅल्शियम असले तर ते सावरते, पण नेहमीच्या बायकार्बोनेट बफरमध्ये कॅल्शियम टाकले की तळाला खडू साचतो. इथे बोरेट बफर बरा. एकदा मण्यावर पक्के बसले, की दोन रेणू एकमेकांपर्यंत पोचत नाहीत आणि ही आत्महत्या थांबते.

माहितीपत्रकात ‘खोलीच्या तापमानाला दोन तास’ असे लिहिलेले असते. ती खोली मे महिन्यातल्या मिरजेची नव्हे. पारा चाळिशीला टेकलेला असताना 4 अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवणेच शहाणपणाचे. मिश्रण मॅग्नेटिक स्टिररवर ढवळू नये, कारण चुंबकाच्या कांडीखाली मणी भरडले जातात आणि पुढे नळी तुंबते. बंद नळकांडे सावकाश उलटेपालटे होईल असे फिरवावे.

उरलेले क्रियाशील गट मग इथेनॉलअमाइनने किंवा ट्रिसने बुजवतात (आधी वर्ज्य असलेला ट्रिस इथे कामाचा). त्यानंतर 4 आणि 8 सामूच्या, अर्धा मोलर मीठ घातलेल्या बफरांनी आलटून पालटून धुतात. हे मीठ नुसते सोपस्कार म्हणून नसते. सायनोजेन ब्रोमाइडमुळे तयार होणारा आयसोयुरिया बंध धनभारित असतो, आणि मीठ नसेल तर ऋणभारित परके पदार्थही त्याला चिकटतात. हाच बंध काळाच्या ओघात थोडा थोडा तुटून प्रथिन गळूही लागते. एनएचएस (एन-हायड्रॉक्सीसक्सिनिमाइड) एस्टर या दुसऱ्या प्रकारे सक्रियित केलेल्या रेझिनमधला अमाइड बंध याहून मजबूत असतो. पण तिथे सुटणारा घटक 280 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, त्यामुळे न बसलेले प्रथिन त्या तरंगलांबीवर मोजले की हिशेब फसतो.

ट्रिप्सिन सुमारे 23 हजार डाल्टनचे (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक), सोयाबीनचे अवरोधक सुमारे 20 हजारांचे आणि जोडी एकास एक. म्हणजे 5 मिलिग्रॅम ट्रिप्सिनवर कागदोपत्री सव्वाचार मिलिग्रॅम अवरोधक बसायला हवे. प्रत्यक्षात कमी बसते. लायसिन कुठूनही पकडले जाते, त्यामुळे काही रेणूंचे तोंड मण्याकडेच वळलेले राहते.

पिठातले तेल आधी काढून अर्क गाळून घ्यावा. तो सुमारे 8 सामूला नळीतून सोडतात, नळी धुतात आणि सामू 2 ते 3 वर उतरवला की जोडी सुटते. ट्रिप्सिनला हे आम्ल सोसते, म्हणून नळी पुन्हा वापरता येते. प्रतिपिंडे बसवलेल्या नळ्या इतक्या सोशिक असतीलच असे नाही, आणि नळीतून प्रतिपिंडच सोडवून घेतले असेल, तर ते लगेच ट्रिसने उदासीन करावे लागते.

वापरानंतर नळी 4 अंशाला, 20 टक्के इथेनॉलसारख्या जंतुरोधक द्रवात ठेवतात. फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागून मात्र ठेवू नये. एकदा गोठले की मणी फुटतात आणि सगळी मेहनत वाया जाते.