पाट, विसार आणि निम्मे पैसे

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये ताबा मिळाला की मॉड्युलर किचनवाला माप घेतो आणि लगेच निम्मे पैसे मागतो. आगाऊ रक्कम मागणं अनेकांना आगाऊपणाचंच वाटतं.

पूर्वी हा प्रश्न फारसा यायचा नाही, कारण माल गिऱ्हाइकाचा असायचा. सागवान आपण आणायचं, सुतार घरी येऊन रोजावर रंधा मारायचा. शिंप्याकडे कापड आपलं, सोनाराकडे मोड आपली. काम फिसकटलं तर कारागिराची मजुरी तेवढी बुडायची. पुढे प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या दुकानदाराच्या खात्यावर आल्या आणि जोखीमही त्याच्याकडे गेली. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतला नऊ फूट चार इंचांचा ओटा, मधे गॅसच्या पाइपसाठी खाच. त्या मापाची शटरं दुसऱ्या कुणाच्या घरात बसणार? कापलेला प्लाय काही परत सांधता येत नाही.

प्रथा मात्र फार जुनी. विसाराला, म्हणजे सौदा पक्का करताना दिलेल्या आगाऊ रकमेला, मराठीत 'संचकार' असाही शब्द होता, तो संस्कृत 'सत्यंकार'वरून आलेला. सत्यंकार म्हणून दिलेलं द्रव्य दुप्पट परत करायला लावावं, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. म्हणजे पैसे घेणाराही शब्दाला बांधला जायचा. 'अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही' असा शिक्का मारणाऱ्यांना ही अर्धी बाजू सोयीस्करपणे आठवत नाही.

कायद्याला ती आठवते. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 करार मोडल्यावर वाजवी भरपाईपुरतंच बोलतं. 1963 साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या जमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1,000 रुपयांचा विसार ठेवून घेऊ दिला, पण किमतीपोटी आलेले 24,000 जप्त करू दिले नाहीत. म्हणून पावतीवर 'विसार' लिहिलंय की 'किमतीपैकी', हे बघावं. 2019 च्या ग्राहक कायद्यात अवाच्या सवा डिपॉझिट हीसुद्धा अन्याय्य अट धरली आहे.

कोकणातून ठाण्यात आलेल्या घरांना हे सगळं पाटावरून कळतं. गणपतीच्या कारखान्यात घरचा पाट महिना-दोन महिने आधी पोचवायचा, मागे तेलरंगात आडनाव. पाट पोचला की मूर्ती ठरली. आता पाटाबरोबर थोडी रक्कमही ठेवून घेतात. चतुर्थी उलटल्यावर न नेलेली मूर्ती कुणाला विकायची?