हत्ती पुनर्वसन केंद्र

ओंडके ओढणे, सर्कस, सवारी, मिरवणूक किंवा भिक्षा अशा कामांतून वयोमानाने निवृत्त झालेल्या, तसेच हालअपेष्टांतून सोडवून आणलेल्या पाळीव हत्तींना मरेपर्यंत सांभाळण्यासाठी उभारलेली व्यवस्था. वन विभागांचे हत्ती कॅम्प तत्त्वतः याहून वेगळे. तेथे कामावरचे आणि निवृत्त हत्ती एकाच तळावर असतात. मात्र भारतात म्हाताऱ्या हत्तींची निगा बहुतांशी अशा कॅम्पांतच होत आल्याने त्यांचाही विचार येथे केला आहे. नोंद मुख्यतः आशियाई हत्तीपुरती (एलिफास मॅक्सिमस) मर्यादित आहे.

बैल किंवा घोड्याप्रमाणे हत्तीची माणसाळलेली अशी वेगळी जात निपजलेली नाही. पाळीव हत्ती हा बहुधा रानातून पकडून शिकवलेला असतो. असे असूनही निवृत्तीनंतर त्याला रानात सोडणे क्वचितच जमते. त्याला कळप नसतो, माणसाचे भय उरलेले नसते आणि शेत दिसले की तो तिकडे वळतो. साठी-सत्तरीपर्यंत जगणाऱ्या या प्राण्याची उतारवयातली पंधरा-वीस वर्षे कोणी पोसायची, हा त्यामुळे हत्ती पाळणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेपुढचा जुना प्रश्न आहे.

प्राचीन उल्लेख : अशा केंद्रांचे मूळ मौर्यकाळात शोधण्याची प्रथा आहे. त्यासाठी दोन आधार दिले जातात. पहिला अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखाचा (इ. स. पू. तिसरे शतक). माणसांसाठी व जनावरांसाठी अशी दोन प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचे आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्याचे त्यात म्हटले आहे. यावरून ‘जगातील पहिली पशुरुग्णालये’ असा निष्कर्ष अनेक लोकप्रिय लेखनात काढलेला आढळतो. परंतु लेखात वास्तूचा किंवा जनावरे ठेवण्याच्या जागेचा उल्लेख नाही आणि हत्तीचे नावही नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात नागवन, म्हणजे हत्तींसाठी राखलेले रान, येते. पण तेथे संदर्भ ठराविक तिथींना प्राणिहत्या न करण्याचा आहे.

दुसरा आधार कौटिलीय अर्थशास्त्राचा असून तो अधिक भक्कम आहे. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात हस्त्यध्यक्षाची (हत्तींवरील अधिकाऱ्याची) कर्तव्ये सांगितली आहेत. हत्ती उन्हाळ्यात पकडावा, तो वीस वर्षांचा असावा. आजारी हत्ती, गाभण किंवा पिलाला पाजणारी हत्तीण पकडू नये, असे नियम त्यात आहेत. वैद्य, माहूत, अन्न शिजवणारा, चारा आणणारा, पायाला साखळी घालणारा, रात्री राखण करणारा अशी सेवकांची लांबलचक यादीही आहे. प्रवास, रोग, श्रम, मद आणि वार्धक्य यांनी पीडलेल्या हत्तींवर वैद्यांनी उपचार करावेत, या वाक्यात वार्धक्याची स्वतंत्र गणना झाली आहे, हे विशेष. ठाण अस्वच्छ ठेवणे, चारा न घालणे, उघड्या कठीण जमिनीवर निजवणे, भलत्या जागी मारणे, अवेळी फिरवणे या कसुरांना दंड सांगितला आहे. आजच्या एखाद्या केंद्राची तपासणीसूची याहून फारशी निराळी नसते.

या ग्रंथाचा काळ मात्र वादग्रस्त आहे. परंपरेने तो इ. स. पू. चौथ्या शतकातला मानला जातो. मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे र. पं. कंगले यांनी (१९६०–६५) पारंपरिक मताचीच बाजू घेतली. अलीकडच्या भाषिक व संख्याशास्त्रीय अभ्यासांचा कल ग्रंथ अनेक हातांनी घडला आणि आजचे रूप त्याला इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आले, असे मानण्याकडे आहे. हे दुसरे मत आता अधिक ग्राह्य वाटते. काळ कोणताही धरला तरी एक गोष्ट बदलत नाही. अर्थशास्त्रातली म्हाताऱ्या हत्तीची निगा ही राजाच्या कामावरच्या गजशाळेतच होते. निवृत्तांसाठी वेगळी जागा तो ग्रंथ सांगत नाही.

पालकाप्याच्या नावावर असलेला हस्त्यायुर्वेद हा या विषयावरचा सर्वांत विस्तृत संस्कृत ग्रंथ. अंगदेशाचा राजा रोमपाद प्रश्न विचारतो व मुनी उत्तरे देतो, अशी त्याची रचना आहे. महारोग, क्षुद्ररोग, शल्य व उत्तर अशी त्याची चार स्थाने (विभाग) आहेत. तो १८९४ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत छापला गेला. अग्निपुराणातील गजचिकित्सा पालकाप्याच्याच तोंडी आहे. कालिदासाच्या रघुवंशाच्या सहाव्या सर्गात अंगराजाचे हत्ती सूत्रकारांनी शिकवल्याचे येते आणि टीकाकार मल्लिनाथ त्याचा अर्थ पालकाप्यादी असा लावतो. यावरून परंपरा कालिदासपूर्व असल्याचे काही अभ्यासक मांडतात. परंतु मल्लिनाथ कालिदासानंतर कित्येक शतकांनी झाला असल्याने, उपलब्ध संहिता तेवढी जुनी असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. तीत वेळोवेळी भर पडली असावी.

मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत (सरकारी खात्यांत) पीलखान्याचा, म्हणजे हत्तीखान्याचा, समावेश होता. कोल्हापूर व बडोदा येथील साठमारीची (हत्तींच्या झुंजीच्या खेळाची) मैदाने संस्थानी काळातील हत्तींच्या वैभवाची साक्ष देतात, अर्थात ते वैभव माणसाच्या नजरेतले. एकोणिसाव्या शतकातील पांजरपोळ (मुंबईचा १८३४ चा) निरुपयोगी जनावरे मरेपर्यंत पोसण्याच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ येतात. ते मुख्यतः गुराढोरांसाठी होते.

आधुनिक केंद्रांचा उदय : स्वतंत्र केंद्राची कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली असून तिचा जन्म मुख्यतः लाकूडधंद्याच्या ऱ्हासातून झाला. ब्रह्मदेशात (आजच्या म्यानमारमध्ये) सागवानाची वाहतूक हत्तींवर चाले. तेथील प्रमुख कंपन्यांपैकी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झाली होती. सरकारी लाकूडखात्यातील प्रत्येक हत्तीची स्वतंत्र नोंदवही, कामाचा हंगाम, उन्हाळ्यातली सुट्टी आणि पन्नाशीनंतर निवृत्ती अशी शिस्त म्यानमारमध्ये पुढेही टिकली. थायलंडने १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली आणि हजारो हत्ती माहुतांसह बेकार झाले. त्यांतले पुष्कळ पर्यटनात किंवा शहरांच्या रस्त्यांवर आले. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या आदेशाने वृक्षतोडीवर कडक निर्बंध आल्यावर ईशान्येकडील हत्तींची गत तीच झाली.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये झाला आणि हत्ती १९७७ मध्ये त्याच्या पहिल्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत गेला. तरी खासगी मालकी संपली नाही. मालकी-प्रमाणपत्र असलेल्याला हत्ती ठेवता येतो, व्यापारी हेतूने हस्तांतर मात्र करता येत नाही. धार्मिक ‘किंवा अन्य’ कारणासाठी हस्तांतराला २०२२ च्या दुरुस्तीने वाट करून दिली. त्याचे नियम २०२४ मध्ये आले. ‘अन्य’ या सैल शब्दावर प्राणीहक्क संघटनांनी आक्षेप घेतला आहे आणि तो निराधार म्हणता येत नाही. त्याआधी २००९ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालये व सर्कशींतले हत्ती कॅम्प, पुनर्वसन केंद्रे किंवा राखीव वनांत हलवण्याचा आदेश दिला होता. या आदेशामुळे भारतातील केंद्रांची गरज एकदम वाढली. २०१८-१९ च्या गणनेनुसार देशात २,४५४ पाळीव हत्ती होते. त्यांपैकी ९०५ आसामात आणि ५१८ केरळात होते. बेकायदा अदलाबदल रोखण्यासाठी पाळीव हत्तींची डीएनए नोंद ‘गज सूचना’ या प्रणालीत ठेवली जाते.

निगा : केंद्राचा बराचसा दिवस चारा आणि पाय यांत जातो. प्रौढ हत्तीला दिवसाला साधारण दीडशे ते दोनशे किलो हिरवा चारा आणि शंभराहून अधिक लिटर पाणी लागते. म्हाताऱ्याची अडचण दातांची असते. हत्तीला जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यभरात सहाच दाढा येतात, एकामागून एक मागून पुढे सरकत. शेवटची दाढ चाळिशीच्या आसपास वापरात येते आणि साठीनंतर झिजून सपाट होते. माहूत हे शेणावरून ओळखतो : न चावलेले लांब धागे दिसू लागले, की दाढ गेली. मग गवत, उसाचे वाढे, पाला बारीक कुट्टी करून द्यावा लागतो आणि जोडीला शिजवलेले धान्य. तमिळनाडूत मुदुमलैच्या तेप्पकाडू कॅम्पात नाचणी व कुळथाचे शिजवलेले गोळे गूळ, खोबरे, मीठ घालून हत्तीच्या थेट तोंडात देतात. रस्त्यावर फिरवलेल्या हत्तीचे दुखणे उलट असते. भाविकांनी वर्षानुवर्षे खाऊ घातलेल्या वडापाव-मिठाईने तो बेढब फुगलेला असतो. २०१३ मध्ये मुलुंडमध्ये मरण पावलेली बिजली ही हत्तीण याचे मुंबईकरांना ठाऊक असलेले उदाहरण.

पायांचे विकार व संधिवात ही बंदिवान हत्तींच्या मृत्यूची प्रमुख कारणे गणली जातात. हत्ती खरे तर चवड्यांवर चालतो. टाचेखाली चरबीची जाड गादी असते. रानात मैलोन्‌मैल चालून तळवा व नखे आपोआप झिजतात. सिमेंटच्या फरशीवर, स्वतःच्याच मुतात तासन्‌तास उभे राहिलेल्या हत्तीचा तळवा वाढतो, भेगाळतो, भेगांत खडे आणि घाण शिरते आणि नखाच्या मुळाशी गळू धरते. ते हाडापर्यंत गेले, की उपाय राहत नाही. म्हणून सकाळी आंघोळ झाल्यावर हत्तीला पाय उचलून लाकडी ठोकळ्यावर ठेवायला सांगतात. तळव्यातली घाण आकड्याने टोकरून काढायची, मेलेली कातडी वाकड्या सुरीने तासायची, नखे कानशीने घासायची, जखम असेल तर पाय कोमट औषधी पाण्याच्या टबात बुडवून ठेवायचा, असा क्रम असतो. नवख्या हत्तीबाबत एवढा पाय विश्वासाने पुढे करायला महिनेही लागतात. नव्या केंद्रांत हे काम लोखंडी गजांच्या आडून, अंकुशाऐवजी फळांच्या आमिषाने करून घेतात. जुने माहूत या पद्धतीला हसतात; पण माहुतांचे हकनाक जाणारे जीव पाहता ती स्वीकारण्याजोगी आहे.

संधिवाताचा हत्ती आडवा होत नाही, कारण उठता येणार नाही हे त्याला कळते. असे हत्ती उभ्याउभ्या झोपतात आणि त्याने सांधे आणखी बिघडतात. त्यांच्यासाठी मातीचे किंवा वाळूचे उतरते ढीग करतात. हत्ती त्यावर रेलून अंग टाकतो. डोहात किंवा तलावात उभे केल्यानेही पायांवरचा भार उतरतो.

क्षयरोगाचे जंतू माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला जाऊ शकतात. त्यामुळे नव्या हत्तीला काही काळ वेगळे ठेवून, सोंडेत मिठाचे पाणी घालून परत घेतलेल्या द्रावाची तपासणी करतात. त्यानंतर प्रश्न सोबतीचा. वर्षानुवर्षे एकटी राहिलेली हत्तीण इतर हत्तींची भाषा विसरल्यासारखी वागते, एका जागी डोलत राहते. तिला प्रथम कुंपणापलीकडून दुसरी हत्तीण दाखवतात, सोंडा जुळल्या की मगच एकत्र सोडतात. नरांचे गणित कठीण असते. माजावर आलेला टस्कर (सुळेवाला नर) कोणत्याही केंद्रात साखळीवाचून सांभाळणे अवघड जाते. भक्कम कुंपणाची स्वतंत्र आवारे परवडणारी केंद्रे थोडी आहेत.

भारतातील केंद्रे : कर्नाटक, केरळ व तमिळनाडूच्या वन विभागांचे कॅम्प जुने असून तेथील हत्तींना साधारण अठ्ठावन्न ते साठ वर्षांच्या सुमारास निवृत्त करतात. केरळात तिरुवनंतपुरमजवळ कोट्टूर येथे पुनर्वसन केंद्र आहे. उत्तर प्रदेशात मथुरेजवळ चुरमुरा येथे वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने २०१० मध्ये केंद्र सुरू केले. तेथील राजू हा काटेरी साखळ्यांनी जखडलेला, सुमारे पन्नास वर्षे भिक्षेला लावलेला हत्ती २०१४ मध्ये सोडवला गेला आणि त्यामुळे हा विषय जगभर गाजला. २०१८ मध्ये त्याच परिसरात हत्तींसाठी रुग्णालय उघडले. त्यात डिजिटल क्ष-किरण, लेझर उपचार अशा सोयी आहेत. गुजरातेत जामनगरला ‘वनतारा’ प्रकल्पातील राधे कृष्ण टेम्पल एलिफंट वेल्फेअर ट्रस्टकडे, संस्थेच्या सांगण्यानुसार, दोनशेहून अधिक हत्ती आहेत.

महाराष्ट्र : अहेरी तालुक्यातील (जि. गडचिरोली) कमलापूर हा राज्यातील एकमेव हत्ती कॅम्प म्हणून ओळखला जातो. आलापल्लीच्या सागवनात ओंडके ओढणाऱ्या हत्तींपासून त्याची परंपरा येते. माहुतांच्या जोडीला चाराकटर (चारा कापणारे मदतनीस) असतात. दर हिवाळ्यात हत्तींना काही दिवस कामातून सुट्टी देऊन त्यांच्या तळपायांना वनौषधींचा गरम लेप देतात. याला तेथे ‘चोपिंग’ म्हणतात. २०२२ मध्ये ताडोबा, पातानील व कमलापूर येथील हत्ती जामनगरला पाठवण्याचा निर्णय झाला, तेव्हा गडचिरोलीत विरोध झाला आणि कमलापूरचे हत्ती जागेवरच राहिले.

कोल्हापूर जिल्ह्यातील दोन प्रकरणे कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. जोतिबा देवस्थानाला दिलेला सुंदर हा हत्ती न्यायालयीन लढ्यानंतर जून २०१४ मध्ये बेंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला. शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठाची महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण, मुंबई उच्च न्यायालयाचा जुलै २०२५ मधील आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवल्यावर, जामनगरला हलवण्यात आली. पायांचे विकार, सांधेदुखी व एकटेपणा यांचे अहवाल न्यायालयापुढे होते. मठाने आणि भाविकांनी ते अमान्य केले. पुढच्या आठवड्यांत झालेल्या पदयात्रा व बहिष्कार पाहता, पुनर्वसनाचा आदेश काढणे जितके सोपे तितके गावाला पटवणे सोपे नाही, हे दिसले. त्यानंतर ऑगस्टमध्ये नांदणी परिसरातच केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला.

अन्य देश : श्रीलंकेत पिन्नवल (१९७५) येथे अनाथ पिलांसाठी केंद्र निघाले. थायलंडमध्ये लाम्पांग येथे १९९३ पासून हत्तींचे रुग्णालय आहे. १९९९ मध्ये भूसुरुंगाने पाय गमावलेल्या मोताला या हत्तिणीला तेथे २००९ मध्ये कृत्रिम पाय बसवला गेला. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९९५ मध्ये स्थापन झालेल्या अभयारण्यात सर्कस व प्राणिसंग्रहालयांतले हत्ती राहतात. तेथे प्रेक्षकांना प्रवेश नाही, कॅमेऱ्यांतूनच हत्ती पाहता येतात. थायलंडमधील केंद्रे याउलट पर्यटकांच्या पैशावर चालतात. २०२० मध्ये करोनाने पर्यटन थांबले, तेव्हा चाऱ्याचा खर्च झेपेना म्हणून चियांग माई परिसरातले शंभराहून अधिक हत्ती माहुतांबरोबर पायी आपापल्या गावांकडे नेण्यात आले.