काराबीनर ९८के: अस्सल युद्धकालीन रायफलींचा संग्रह आणि त्यातली बनवाबनवी

काराबीनर ९८के, संग्राहकांच्या तोंडी नुसती के-९८, ही दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची नेहमीची बोल्ट-ॲक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायची. १८९८ च्या माउझर रायफलचीच ही आखूड आवृत्ती, शेवटचा 'के' म्हणजे 'कुर्झ', जर्मनमध्ये आखूड. १९३५ मध्ये सैन्याने ती स्वीकारली. नळी ६०० मिमी, एकूण लांबी साधारण १११ सेंमी, काडतूस ७.९२ गुणिले ५७ मिमी, आत पाच गोळ्या, वजन चार किलोच्या आसपास. युद्ध संपेपर्यंत एक कोटीच्या वर बनल्या, त्यामुळे वस्तू म्हणून ही काही दुर्मिळ नाहीच. दुर्मिळ आहे ती कारखान्यातून निघाली तश्शीच राहिलेली रायफल, आणि सगळी बनवाबनवी या एका फरकावर चालते. अख्खी रायफल खोटी बनवायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, परवडतच नाही. रायफल खरीच असते, खोटे असतात ते तिच्यावरचे आकडे, शिक्के आणि सोबत सांगितलेली स्टोरी.

आता हे आकडे म्हणजे काय ते बघू. नळी जिथे बसते त्या रिसीव्हरच्या गोल भागावर कारखान्याचा कोड आणि साल असतं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या शस्त्रांवर बंधनं घालणाऱ्या व्हर्सायच्या तहामुळे सुरुवातीला सगळा लपूनछपून कारभार, म्हणून कारखान्याचं नाव न टाकता कोड टाकायचे आणि सालसुद्धा अक्षरात, १९३४ साठी 'के' आणि १९३५ साठी 'जी'. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा कोड आधी एस/४२, मग नुसता ४२, १९४१ पासून बीवायएफ आणि शेवटी १९४५ मध्ये एसव्हीडब्ल्यू. सीई म्हणजे जर्मनीतल्या झूल गावचा सावर, बीएनझेड म्हणजे ऑस्ट्रियातला श्टायर, डीओटी म्हणजे चेकोस्लोव्हाकियातला ताब्यात घेतलेला ब्रनो. शिवाय गरुडाखाली आकडा असा तपासनिसाचा छोटा शिक्का जागोजागी, आणि तो आकडाही कारखान्याशी जुळावा लागतो, सावरचा ३५९, श्टायरचा ६२३ असं. सीई कोडच्या रायफलच्या मूळ म्हणून दाखवलेल्या पार्टवर ६२३ दिसला की तो पार्ट दुसऱ्या घरचा.

सिरियल नंबरची गंमत वेगळीच. ९९९९ पर्यंत गेले की पुन्हा १ पासून सुरू आणि मागे 'ए' अक्षर, मग 'बी', आणि नवीन साल लागलं की परत पहिल्यापासून. म्हणून कोड आणि सालाशिवाय नुसता नंबर सांगून काही कळत नाही. तो नंबर, किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे, बोल्टवर, नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीवर, ट्रिगर गार्डवर, नळी लाकडाला बांधणाऱ्या बँडवर, लाकडाच्या आत, आणि सुरुवातीच्या रायफलींमध्ये तर स्क्रूवरसुद्धा ठोकलेले असतात. सगळे जुळले की रायफल 'मॅचिंग', आणि मॅचिंग म्हटलं की किंमत एकदम उडी मारते. युद्ध अंगावर आलं तसं हे लाड कमी होत गेले, १९४४-४५ च्या रायफलींमध्ये संगीन अडकवायची जागा नाही, साफसफाईची सळई नाही, बँड पत्र्याचे, आणि नंबरही मोजक्याच पार्टवर. त्यामुळे १९४५ च्या रायफलचा स्क्रू न् स्क्रू जुळतोय असं कोणी सांगितलं तर हरखून जायच्या ऐवजी भिंग काढावं.

युद्धानंतर या रायफली नुसत्या पडून राहिल्या नाहीत, खरा गोंधळ तिथूनच आहे. सोव्हिएत सैन्याने ढिगाने पकडल्या, डेपोत खोलल्या, पार्टची सरमिसळ केली, लाकडावर लालसर चकचकीत शेलॅक (लाखेचं पॉलिश) मारलं, रिसीव्हरवर एक फुली ठोकली, बोल्टला अनेकदा काळं केलं आणि त्यावर विजेच्या पेन्सिलने नवा नंबर ओरखडून ठेवला. युगोस्लाव्हियाने जर्मन खुणा घासून 'प्रेदुझेचे ४४' असा स्वतःचा शिक्का मारला. नॉर्वेने काहींना अमेरिकन .३०-०६ काडतुसाच्या नळ्या बसवल्या, इस्राएलने ७.६२ नाटोच्या. या सगळ्या आपापल्या जागी प्रामाणिक वस्तू आहेत, खरं तर एका रायफलवर तीन देशांचा इतिहास मिळतो आणि तोही स्वस्तात, पण बनवेगिरी करणाऱ्याला कच्चा माल हाच लागतो. शेलॅक खरवडायचं, फुली भरून काढायची, बोल्टवरचा ओरखडा घासायचा, नवा नंबर ठोकायचा, झाली मॅचिंग. (युगोस्लाव्हियाने स्वतः बनवलेली एम-४८ रायफल जर्मन म्हणून गळ्यात मारणारे वेगळेच. तिचा रिसीव्हर मुळातच थोडा आखूड, जर्मन बोल्ट तिच्यात बसतच नाही.)

हा घासून ठोकलेला नंबर जवळून कसा दिसतो? बोल्टच्या हँडलच्या मुळाशी जी सपाट जागा असते तिथे टॉर्च आडवा धरून बघायचं. जुना आकडा घासला की धातू तिथे किंचित खोलगट होतो, वरून कळत नाही पण आडव्या उजेडात सावली पडते. जुन्या ठशाच्या कडा ऐंशी वर्षांच्या हाताळणीने बोथट झालेल्या असतात, नव्या ठशाभोवती धातूची बारीक कड उचललेली असते आणि नखाला लागते. शिवाय कारखान्याचे ठसे ठरलेले, चारचा आकडा उघडा की बंद, सातची मान किती वाकडी, हे त्याच कारखान्याच्या त्याच सालच्या इतर रायफलींशी लावून बघता येतं. मुरलेले संग्राहक आधी हेच बघतात.

लाकूडही बोलतं. सुरुवातीला अक्रोडाचं, पुढे बीचचे पातळ थर चिकटवून केलेलं लॅमिनेट. लाकूड मुळात धातूच्या कडेपेक्षा थोडं वर असतं, सँडपेपर फिरला की दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी कडेने बाहेर येते आणि लाकडावरचे गरुड पुसट होतात. पट्टी बाहेर आलेली असून गरुड मात्र एकदम टवटवीत असेल तर तो गरुड नंतर बसलाय.

सगळ्यात जास्त फसवणूक स्नायपर आणि एसएस (नाझी पक्षाचं सशस्त्र दल) या दोन शब्दांवर होते, कारण पैसा तिथे आहे. झेडएफ ४१ ही दीडपट दाखवणारी छोटी दुर्बीण, ती बसवायची पट्टी मागच्या साइटच्या डाव्या बाजूला कोरलेली असते. अशा पट्टीच्या रायफली खऱ्या पुष्कळ मिळतात, पण वरची दुर्बीण बऱ्याचदा नंतर कुठून तरी आणून बसवलेली. मोठ्या दुर्बिणी बसवायचे माउंट तर नवे बनवून विकतात, साध्या रायफलला भोकं पाडली की स्नायपर तयार. एसएसच्या कवटीच्या आणि दुहेरी रूनच्या (विजेसारख्या दोन अक्षरांच्या) शिक्क्यांचंही तेच, ठसा बनवायला असा कितीसा खर्च येणार.

याच्या उलट, काही खोडी म्हणजेच पुरावा. अमेरिकन सैनिकांनी घरी नेलेल्या बऱ्याच रायफलींचं लाकूड बँडखाली करवतीने कापलेलं असतं, कारण किटच्या लांब पिशवीत, म्हणजे डफल बॅगेत, ती मावायची नाही. याला 'डफल कट' म्हणतात. बोल्टचा नंबरही अशा रायफलींमध्ये पुष्कळदा जुळत नाही, कारण शरण आलेल्यांच्या रायफली एका ढिगात आणि बोल्ट दुसऱ्या ढिगात, जाताना हाताला लागेल तो बोल्ट उचलला. १९६८ च्या अमेरिकन कायद्यानंतर आयात झालेल्या रायफलवर आयातदाराची खूण लागते, सैनिकाच्या घरातून निघालेलीवर ती नसते. तशी खूण दिसत असताना 'आजोबांनी जर्मनीतून आणली' असं कोणी सांगत असेल तर आजोबांना त्यात ओढू नये.

भारतात हा छंद बहुतेकांसाठी फोटोपुरताच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच बंदुका, संग्रह कसला करणार. आपला या जर्मन सैन्याशी संबंध आला तो समोरासमोर, जसा इटलीत, तिथेच १० जुलै १९४४ ला माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे यांनी मशीनगनची चौकी एकट्याने घेतली आणि स्नायपरच्या गोळीने पडले. बाकी परदेशातले मराठी हौशी तिथल्या परवान्यावर घेतात, आणि त्यांनी विकणाऱ्याकडून मागायचे फोटो ठरलेले: लाकूड उतरवून नळीच्या खालची बाजू, बोल्टच्या हँडलचं मूळ, आणि दस्त्याची मागची कड, तिन्ही आडव्या उजेडात काढलेले.