समुद्री टाकीतल्या दगडांचा सांधा : पार्श्वभूमी

विदर्भातल्या वणी, कोरपना, राजुरा या पट्ट्यात चुनखडीला तोटा नाही. गडचांदूर परिसरातले सिमेंटचे कारखाने याच दगडावर उभे राहिले. समुद्र मात्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरीही तालुक्याच्या गावात कोणी खाऱ्या पाण्याची टाकी लावायची ठरवली, की मिठाच्या पाठोपाठ दगडांचा प्रश्न येतोच. कोणते घ्यायचे आणि एकमेकांना जोडायचे कशाने? हार्डवेअरच्या दुकानात सिमेंट, एपॉक्सीची पुट्टी, सुपरग्लू, सिलिकॉन सगळं मिळतं. यातलं काहीही मत्स्यालयासाठी जन्माला आलेलं नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या कामासाठी निघाली, आणि टाकीत ती कुठे कमी पडते ते त्या मूळ कामावरूनच कळतं.

सुरुवात सिमेंटची. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी इंग्रज निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी क्षार कालवून खारं पाणी तयार करायची कृती दिली. त्या काळी टाकीत कपारी आणि कमानी उभ्या करायच्या, तर गवंड्याचंच सामान हाताशी होतं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतलं होतं. हे सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं, ही त्याची मोठी खुबी. पण घट्ट होताना त्यातून विरलेला चुना सुटत राहतो. सिमेंटच्या अंगातल्या पाण्याचा पीएच १२ च्या वर जातो, आणि समुद्राचा असतो ८.१ च्या आसपास. गावात नवा हौद बांधला की पहिली काही पाणी सोडून देतात, त्याचं कारण हेच. खरं तर चुना हे विष नाही. प्रवाळांना कॅल्शियम मिळावं म्हणून त्याच चुन्याची निवळी टाकीत थेंबथेंब सोडतात. मारक ठरते ती मात्रा आणि घाई.

ही रीत आजही आपल्याकडे सगळ्यांत स्वस्त पडते. नकली दगड ओतायचा असेल तर पांढरं सिमेंट १ भाग, चुनखडीची चुरी ३ भाग आणि जाडं मीठ १ भाग घ्यावं. हे माप घमेल्याचं, वजनाचं नव्हे. दुकानदार पांढऱ्या सिमेंटऐवजी वॉल पुट्टी पुढे करतो, ती घेऊ नये. तिच्यात रंगकामासाठीची इतर रसायनं असतात. साधं सिमेंट वापरायचं तर पोत्यावर ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) लिहिलेलं बघावं. पीपीसी या दुसऱ्या प्रकारात औष्णिक वीज केंद्रातली राख असते, आणि राखेत कोणते धातू किती आहेत हे पोतं सांगत नाही. मीठ सगळ्यांत शेवटी घालावं, म्हणजे ते कालवतानाच विरघळत नाही. पाणी इतकंच की मूठ दाबली तर लाडू वळावा आणि बोटांतून थेंब गळू नये. पुढे दगड पाण्यात बुडवून ठेवला की मीठ निघून जातं आणि आत भोकं राहतात. टाकीतलं पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंना राहायला हीच जागा लागते. पण मिठाने दगड ठिसूळही होतो, म्हणून दोन दगडांच्या सांध्यात मीठ नको. तिथे १ भाग सिमेंटला २ भाग बारीक चुरी बस. सांधायचे दगड आधी भिजवून घ्यावेत. कोरडा दगड मसाल्यातलं पाणी पिऊन टाकतो आणि सांधा चार दिवसांत सुटतो.

उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला की इथे सिमेंट घट्ट व्हायच्या आधी वाळून जातं. वरून टणक दिसतं, नखाने खरवडलं तर भुकटी निघते. म्हणून काम सावलीत करावं, वर ओलं बारदान टाकावं आणि ७ दिवस तराई, म्हणजे पाणी मारणं, चुकवू नये. मग दगड ड्रममध्ये बुडवून ४ आठवडे ठेवावा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावं. शेवटी समुद्री मीठ कालवलेल्या पाण्यात एक रात्र ठेवून पीएच मोजावा. तो ८.५ च्या वर गेला तर अजून आठवडाभर थांबावं. दगडावर पांढरा थर आला तरी घाबरण्यासारखं काही नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुन्याची परत चुनखडी झालेली असते.

सिमेंटचं हे राज्य मोडलं ते समुद्रातून आणलेल्या जिवंत दगडाने. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत लेख लिहून मांडली. प्रवाळ खडकाचे जीवजंतूंसकट आणलेले तुकडे, हवेचे बुडबुडे आणि ऊन, एवढ्यावर त्यांची टाकी चालत होती. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला प्रोटीन स्किमरची, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण वर काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि आतल्या, ऑक्सिजन न पोचणाऱ्या भोकांतले जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून सोडतात. दगड म्हणजेच फिल्टर, असं समीकरण झालं. त्या काळच्या हिशेबाप्रमाणे लिटरमागे साधारण १२० ग्रॅम दगड, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला २४ किलो. हे ढीग काचेला टेकवून, धुऱ्यावर गोटे रचतात तसे, कुठलाही गोंद न लावता रचले जात. मागे घाण साचायची, पाणी फिरायचं नाही. रेती उकरणाऱ्या माशाने पाया पोकळ केला की ढीग खाली यायचा, तोही थेट काचेवर.

मग जिवंत दगड मिळणंच आटलं. फ्लोरिडाच्या समुद्रातून तो काढायला १९९० च्या दशकात बंदी आली. भारतात जुलै २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी प्रवाळं आली. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा उचलणंसुद्धा गुन्हा आहे, आणि हा नियम मनापासून पाळण्यासारखा आहे. प्रवाळाच्या भिंतीला जे तयार करायला शेकडो वर्षं लागतात, ते आपल्या टाकीसाठी फोडायचं कारण नाही. त्यामुळे इथल्या टाकीत येतो तो कोरडा दगड : खाणीतली चुनखडी किंवा हाताने ओतलेला नकली. असे दगड कमी वापरून मोकळी, कमानीची रचना करायची म्हटलं की सांधा परत महत्त्वाचा होतो.

दगड निवडताना लिंबू जवळ ठेवावं. चुनखडीवर रस पिळला की फेस येतो. बुलढाणा, अकोला, यवतमाळकडच्या काळ्या दगडावर काहीच होत नाही. काळा दगड अपायकारक नाही, पण जड आणि भरीव असल्यामुळे जिवाणूंना जागा कमी. पेनगंगेकडची चुनखडीही बरीच भरीव असते, म्हणून तिचा उपयोग पायासाठी करावा आणि वर सच्छिद्र दगड घ्यावा. चुनखडीने पीएच वाढतो असं सांगतात, पण ते गोड्या पाण्याचं गणित. ८.१ च्या खाऱ्या पाण्यात ती जवळपास विरघळतच नाही. कोळशाच्या खाणीजवळचे, चमकणारे पिवळसर कण असलेले दगड टाळावेत, त्यांत लोखंड आणि गंधकाचं संयुग असतं. आणि वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेतला दगड तर मुळीच नको. झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलम लावतात, त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, असतं. माशाला सोसेल एवढं तांबंही झिंग्याला आणि प्रवाळाला मारतं, आणि दगडात मुरलेलं तांबं धुऊन जात नाही. खारपाण पट्ट्यातलं बोअरचं किंवा लोणारचं पाणी खारं म्हणून टाकीला चालेल, हाही एक गैरसमज. ते खारं आहे, पण त्यातल्या क्षारांचं प्रमाण समुद्राशी जुळत नाही. लोणारचा पीएच तर १० च्या घरात असतो.

आता गोंदांकडे. एपॉक्सीची वाट स्वित्झर्लंडमधल्या पिअर कास्तां यांच्या १९३० च्या दशकातल्या कामातून निघाली. १९४६ मध्ये ती ॲराल्डाइट या नावाने धातू जोडायला बाजारात आली. सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपला सुपरग्लू, कोडॅकच्या हॅरी कूवर यांना १९४२ मध्ये बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडला. दिसेल त्याला चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. १९५१ मध्ये त्याचा चिकटपणाच कामाचा आहे हे लक्षात आलं, आणि १९५८ मध्ये तो विकायला आला. ओलाव्याने घट्ट होणं हा त्याचा स्वभाव. म्हणून प्रवाळाचे तुकडे पाण्याखाली चिकटवायला पुढे त्याच्याइतकं सोपं दुसरं काही ठरलं नाही.

दोन्ही एकेकटे अपुरे पडतात. एपॉक्सीची पुट्टी फट भरते, पण ओल्या, खडबडीत दगडाला नीट धरत नाही. वाळल्यावर बुचासारखी निघून येते. सुपरग्लू धरतो, पण पातळ थरातच, आणि आडव्या झटक्याला तडकतो. म्हणून रीत अशी : जेलचा सुपरग्लू, त्यावर बोराएवढी मळलेली पुट्टी, तिच्यावर परत सुपरग्लू, मग दुसरा दगड दाबून किंचित फिरवायचा आणि मिनिटभर हलवायचा नाही. ताज्या पुट्टीमुळे स्किमर दिवस-दोन दिवस फेसाळून ओसंडतो, म्हणून एका वेळी थोडीच लावावी. पुट्टी मत्स्यालयाची किंवा पिण्याच्या पाण्यासाठी चालणारी असेल तरच. मे महिन्यात ती हातातच कडक होते, थंडीत तासन् तास मऊ राहते.

सुपरग्लूचं उलटं. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात हवेत ओलावाच नसतो, त्यामुळे जाड थर आत ओला राहतो. दगडावर आधी पाण्याचा बारीक फवारा मारला की काम होतं. फट मोठी असेल तर तिच्यात त्याच दगडाची कोरडी भुकटी भरून वर पातळ गोंद सोडावा. क्षणात दगडासारखा सांधा होतो. भुकटीऐवजी कापूस भरायची पद्धतही आहे, आणि कापसाची आपल्याकडे वाण नाही. पण कापसावर गोंद पडला की रसायन एकदम तापतं, पांढरा धूर निघतो, बोट भाजतं. चिमूटभरच घ्यावा, चिमट्याने दाबावा, तोंड लांब ठेवावं. गोंदात पूर्ण न भिजलेला धागा बाहेर राहिला तर तो टाकीत कुजतो.

सिलिकॉनची गोष्ट छोटी आहे. १९६० च्या दशकात त्याच्यामुळे लोखंडी चौकटीशिवाय काचेच्या टाक्या शक्य झाल्या. काचेला काच जोडायला त्याच्यासारखं काही नाही. भुकटी सुटणाऱ्या दगडाला मात्र ते साल निघावी तसं सुटतं.

आणि सगळ्यांत जुना सांधा बिनगोंदाचा. विदर्भातल्या हेमाडपंती देवळांत दगड खाचेत खाच बसवून, चुन्याशिवाय उभे आहेत. टाकीतही तेच आधी. छिन्नीने कोपरे फोडून दगड तीन टेकूंवर न डुलता बसला पाहिजे. गोंद हा फक्त त्याला सरकू न देण्यासाठी. पुढे झुकलेला दगड हवा असेल तर दोन्हींत ३-४ सेंटिमीटर खोल, ८ मिलिमीटरचं भोक पाडून ६ मिलिमीटरची फायबरग्लासची किंवा ॲक्रिलिकची कांडी घालावी. ड्रिल मशीनचा हातोडा बंद ठेवावा, नाहीतर सच्छिद्र दगड दुभंगतो. लोखंडी सळी कधीच नको. खाऱ्या पाण्यात ती गंजून फुगते आणि दगड आतून फोडते.

पायाचे दगड रेतीवर नव्हे, थेट तळावर बसवावेत, आणि रेती नंतर भोवती टाकावी. चारी बाजूंनी काचेपासून ७-१० सेंटिमीटर जागा सोडावी. जोडलेली रचना टाकीत ठेवण्याआधी बाहेर कोरडीच उचलून बघावी. खाऱ्या पाण्यात चुनखडीचं वजन जवळपास ६० टक्केच जाणवतं. पाण्यात वर्षभर टिकलेला सांधा टाकी रिकामी करायच्या दिवशी, पूर्ण वजन आलं की तुटतो, आणि तेव्हा खाली काच असते.