लिंबाची फोड आणि पोटावरचा टाका

भाच्याचं अपेंडिक्स एका रात्रीत फुटलं. संध्याकाळी पोट दुखतंय म्हणून ओवा चावून झोपलेला मुलगा पहाटे तीन वाजता ऑपरेशन टेबलावर होता. पाचव्या दिवशी तो घरी आला आणि त्याच दुपारी पथ्यं सुरू झाली. ताटात मऊ भात, मुगाचं वरण, कडेला लिंबाची फोड. आजीने दोन बोटांनी ती फोड उचलून वाटीत टाकली. "आंबट नको रे बाळा, टाका पिकेल." संध्याकाळी शेजारच्या काकू डोकावल्या, त्यांनी भातही बंद करायला सांगितला. भाताने पू होतो म्हणे.

या सांगण्यात माया आहे, पण शरीरशास्त्र नाही. पू म्हणजे जंतूंशी लढताना मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि तिथल्या उतींचा चुरा. तो जंतुसंसर्गाने होतो. अपेंडिक्स फुटलं की आतड्यातले जंतू पोटात पसरतात, म्हणून अशा जखमेत पू होण्याचा धोका मुळातच जास्त. भातही पांढरा आणि पूही पांढरट, यापलीकडे त्या दोघांचं नातं नाही. आणि आंबटाचं म्हणाल, तर आपल्या जठरातलं आम्ल लिंबाच्या रसापेक्षा तीव्र असतं. रक्ताचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) शरीर ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात सांभाळतं. खाल्लेलं लिंबू पोटावरच्या टाक्यापर्यंत आंबट राहून पोचतच नाही.

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणासाठी. वाटीत टाकलेल्या त्या फोडीत जे होतं, त्याच्यावाचून जखम सांधत नाही.

जखम सांधणारा धागा म्हणजे कोलॅजेन. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत वरची त्वचा एकमेकींना मिळते, पण खरं काम खाली चालतं. तिथे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जमतात आणि कोलॅजेन विणू लागतात. कोलॅजेन म्हणजे तीन पेडांचा दोर. त्याची ही त्रिपेडी रचना १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. प्रत्येक पेड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची, माळ आणि तिच्यात दर तिसरा मणी ग्लायसिनचा असतो. हे सगळ्यांत छोटं अमिनो आम्ल, म्हणूनच तिन्ही पेड इतके घट्ट चिकटून वळता येतात. उरलेल्या जागांवर प्रोलिन वारंवार येतं. पेशी यातल्या बऱ्याच प्रोलिनवर ऑक्सिजनचा एक अणू चढवते आणि त्याचं हायड्रॉक्सिप्रोलिन करते. बदल एवढासाच, पण तो झाला नाही तर हा दोर साधारण २४ अंश सेल्सियसलाच उसवतो. आपलं शरीर ३७ अंशांवर, म्हणजे तिथे दोर वळलाच जाणार नाही. तो एक अणू चढला की दोर शरीराच्या उष्णतेत तग धरतो.

हा अणू चढवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) गाभ्यात लोहाचा एक अणू बसलेला असतो. काम करता करता ते लोह 'गंजतं', म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण होतं, आणि विकर ठप्प होतं. लोहाला पुन्हा कामाजोगं करून देतं ते क जीवनसत्त्व, लिंबातलं, पेरूतलं, आवळ्यातलं.

१९३९ च्या सुमारास बॉस्टनमधल्या जॉन क्रँडन या तरुण सर्जनने हे स्वतःवर पडताळून पाहिलं. त्याने क जीवनसत्त्व नसलेला आहार महिनोन्‌महिने घेतला. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम व्यवस्थित भरली. सहा महिन्यांनी पुन्हा जखम केली आणि दहा दिवसांनी तपासली, तर वरून त्वचा मिळालेली, खाली मात्र सांधा नाहीच. मग क जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली आणि ती जखमही भरून आली.

या प्रयोगाची दुसरी बाजूही मला तितकीच मोलाची वाटते. तीन महिने उपाशी ठेवलेल्या शरीरातही जखम भरली होती. म्हणजे चार दिवस लिंबू चुकलं म्हणून धडधाकट मुलाचा टाका उसवत नाही. आणि 'टाके लवकर भरतात' म्हणून विकल्या जाणाऱ्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. ज्यांचं जेवणच मुळात कमी आहे, वय झालंय, दारूचं व्यसन आहे, त्यांच्या ताटातली फोड मात्र कुणी काढून घेऊ नये. वरण, अंडं, दूध यांवरही बंदी नको, कारण दोराचे मणी प्रथिनांतूनच येतात.

त्या विकराला ऑक्सिजनचा अणू लागतो, हे लक्षात आलं की डॉक्टरांच्या बाकीच्या सूचनांचाही अर्थ लागतो. तो ऑक्सिजन रक्तातून जखमेपर्यंत पोचावा लागतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि जखमेची रसद तुटते. अंथरुणातून उठून घरातल्या घरात चालणं, दीर्घ श्वास घेणं याने फुप्फुसं मोकळी राहतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती कमी होते. पथ्य म्हणून काही पाळायचंच असेल तर हे पाळावं. ताप आला, जखमेभोवतीची लाली पसरू लागली, पू दिसला, पोट फुगून उलट्या झाल्या किंवा एका पायाची पोटरी सुजली, तर घरी लेप लावत न बसता थेट सर्जनकडे जायचं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी.

दहाव्या दिवशी भाच्याचे टाके निघाले. आरशासमोर उभा राहून त्याने शर्ट वर केला, त्या बारीक गुलाबी रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मामा, आता क्रिकेट?" मी त्याला तिथेच थांबवलं. पहिल्या आठवड्याच्या अखेरीला जखमेत मूळ ताकदीच्या जेमतेम दहावा हिस्सा ताकद असते. सुरुवातीला घाईघाईने विणलेला तिसऱ्या प्रकारचा बारीक कोलॅजेन शरीर हळूहळू उकलतं आणि त्याच्या जागी पहिल्या प्रकारचा जाड, चिवट कोलॅजेन विणतं. त्याला महिने लागतात. तीन महिन्यांनी ताकद ७० ते ८० टक्क्यांवर येते आणि साधारण तिथेच थांबते. जड वजन उचलणं, खोकला आला की पोटाला उशी न धरता खोकणं, याची भीती असते ती म्हणूनच.

ही विणकामाची उलथापालथ व्रणात जन्मभर चालू राहते. १७४० मध्ये निघालेल्या जॉर्ज अॅन्सन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या जहाजांवर क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही पसरला, तेव्हा एका म्हाताऱ्या सैनिकाची पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेली आणि कधीच भरून गेलेली जखम पुन्हा उघडली होती. ही गोष्ट मी आजीला सांगितली. तिने ती लक्ष देऊन ऐकली आणि दुसऱ्या दिवशी वरणावर स्वतःच्या हाताने लिंबू पिळलं.