प्रायोजित मजकूर

बातमी, लेख किंवा मुलाखतीच्या रूपात, पण मोबदला घेऊन प्रसिद्ध केलेले लेखन. साध्या जाहिरातीत माध्यम आपली जागा विकते; येथे जागेबरोबर त्याच्या नावावरचा वाचकांचा विश्वासही वापरला जातो. मोबदला रोखच असतो असे नाही. वस्तू, सहली, सवलती, क्वचित कंपनीचे समभाग या रूपांतही तो दिला जातो.

या प्रकाराच्या उगमाबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक तो अठराव्या शतकातील लंडनच्या वृत्तपत्रांतल्या ‘पफ’ या स्तुतिपर मजकुरात पाहतात. शेरिडनच्या ‘द क्रिटिक’ (१७७९) या नाटकातील मिस्टर पफ हा अशा लेखनाचे प्रकारच मोजून दाखवतो; त्यावरून तोवर ही प्रथा प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाची झाली असावी. मात्र पफमध्ये नाट्यगृहचालक, प्रकाशक व पत्रकार यांचे हितसंबंध इतके मिसळलेले असत, की त्यातून निव्वळ विक्रीचा व्यवहार वेगळा काढणे कठीण जाते. दुसऱ्या मतानुसार मूळ फ्रान्समध्ये आहे. एमिल द जिरार्दँ याने १८३६ मध्ये ‘ला प्रेस’ या आपल्या दैनिकाची वर्गणी प्रचलित दराच्या सुमारे निम्मी ठेवली व तूट जाहिरातींतून भरून काढली. त्या सुमारास ‘रेक्लाम’ हा संपादकीय स्तंभांत बसवलेला सशुल्क मजकूर रूढ होत गेला. वृत्तपत्राच्या अर्थकारणाशी थेट जोडता येत असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अमेरिकेत असा मजकूर ‘रीडिंग नोटीस’ म्हणून ओळखला जाई. २४ ऑगस्ट १९१२ च्या कायद्याने टपालाच्या सवलतीचा लाभ घेणाऱ्या नियतकालिकांना अशा मजकुरावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट छापणे बंधनकारक केले. उल्लंघनास ५० ते ५०० डॉलर दंड होता. वृत्तपत्रांनी त्याला आव्हान दिले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९१३ मध्ये कायदा वैध ठरवला. या विषयावरील नियमन बहुधा असेच आडवाटेने आले आहे : तेथे टपालदरांतून, भारतात निवडणूकखर्चातून व ग्राहकसंरक्षणातून.

भारतात २००३ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाने पुरवण्यांतील प्रसिद्धी विकण्यासाठी ‘मीडियानेट’ ही स्वतंत्र व्यवस्था उभी केली. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती करणारा तोच मजकूर निरनिराळ्या दैनिकांत जवळजवळ शब्दशः आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिल्यावर ‘पेड न्यूज’ हा शब्द मराठीतही रुळला. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यीय उपसमितीचा सविस्तर अहवाल प्रथम प्रसिद्ध झाला नाही. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो २०११ मध्ये खुला झाला. परिषदेने २०१० मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येत रोख वा वस्तुरूप मोबदल्यातील कोणतीही बातमी किंवा विश्लेषण पेड न्यूज ठरते.

कारवाई झाली ती खर्च दडवल्याबद्दल. ऑक्टोबर २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. अशोक चव्हाण यांच्या प्रकरणात खर्चाच्या हिशेबाची चौकशी करण्याचा आयोगाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये मान्य केला, पण त्यानंतर आयोगाने बजावलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक-गुन्हा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली.

समाजमाध्यमांवरील प्रायोजित मजकुरासाठी मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानके परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू आहेत. त्यांनुसार मजकूर जाहिरात असल्याची सूचना इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत द्यावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख व पुन्हा घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.