सॉफ्टवेअर अंधांना वापरता आले नाही तर जबाबदार कोण : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आणि सरकार व नियामक संस्थांना वीस निर्देश दिले. या निकालामागे दोन याचिका होत्या. एक ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांची, दुसरी दृष्टिहीन वकील अमर जैन यांची. कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करून दाखवा, चेहरा चौकटीत आणा, कागदावर सही करून तिचा फोटो चढवा, ठरावीक सेकंदांत ओटीपी भरा, अशा ‘ई-केवायसी’च्या, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याच्या पायऱ्या ज्यांना दुसऱ्याच्या मदतीशिवाय ओलांडता येत नाहीत, त्यांनी बँकेत खाते उघडायचे कसे, हा प्रश्न दोन्ही याचिकांच्या मुळाशी होता. हा वाद भारतात नवा वाटला, तरी त्याचे मूळ किमान तीस वर्षे मागे, अमेरिकेतील एका सरकारी कार्यालयाच्या संगणक-खरेदीपर्यंत जाते. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला अंध वापरकर्त्यापुढे थेट उत्तर द्यावे लागल्याचे प्रसंग थोडे आहेत, कंपनी बहुधा हलली ती तिच्या मोठ्या गिऱ्हाइकाने थैलीचे तोंड आवळल्यावर.

विंडोजच्या आधीच्या ‘डॉस’ या प्रणालीच्या काळात संगणकाचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळींची अक्षरांची जाळी होती. कोणत्या घरात कोणते अक्षर आहे, याची नोंद संगणकाच्या स्मृतीत जशीच्या तशी असे, आणि ती नोंद वाचून कृत्रिम आवाजात बोलून दाखवणारा प्रोग्राम लिहिणे तुलनेने सोपे होते. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास असा प्रोग्राम तयार केला. त्याला दिलेले ‘स्क्रीन रीडर’ हे नाव पुढे या सगळ्या जातीच्या प्रोग्रामांचे सामान्यनाम झाले. अपघातात दृष्टी गमावलेले टेड हेंटर यांनी सहसंस्थापक म्हणून उभारलेल्या कंपनीचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये आला. त्या काळात अंध कर्मचारी टंकलेखन, दूरध्वनीवरील ग्राहकसेवा, प्रोग्रामिंग अशा नोकऱ्यांत बऱ्यापैकी स्थिरावले होते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोजने ही घडी मोडली. चित्रमय पडद्यावर अक्षर हे अक्षर म्हणून राहत नाही. ते ठिपक्यांनी रंगवलेले चित्र होते. ‘सेव्ह’ लिहिलेले बटन डोळसाला बटन दिसते, पण त्या ठिपक्यांमागे ‘हे बटन आहे आणि याचे नाव सेव्ह आहे’ अशी नोंद कोणी ठेवली नसेल, तर स्क्रीन रीडरला काहीच सांगता येत नाही. स्क्रीन रीडर बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांनी यावर एक जुगाड काढला. पडद्यावर रंगवण्यासाठी जाणाऱ्या आज्ञा वाटेतच टिपायच्या आणि त्यांवरून पडद्याची एक अदृश्य नक्कल स्मृतीत उभी करायची. ही कसरत अफलातून होती, पण तिचा सारा खर्च आणि सारी जबाबदारी भलत्याच माणसाच्या गळ्यात पडली होती. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की नक्कल ढासळायची, आणि ती पुन्हा उभी होईपर्यंत अंध कर्मचारी हातावर हात ठेवून बसायचा. संगणक इतरांना जितका सोपा होत गेला, तितका तो अंधांना दुरावत गेला, हे त्या दशकाचे विचित्र गणित होते.

विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये बाजारात आले, त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंधांसाठीच्या आयोगाने वेगळा मार्ग धरला. आयोगाचे प्रमुख चार्ल्स क्रॉफर्ड यांची भूमिका अशी होती की, राज्य सरकारच्या सेवेत अंध कर्मचारी आहेत, त्यांना वापरता येणार नाही अशी प्रणाली राज्याने विकत घेऊ नये. त्यांनी कंपनीवर खटला भरला नाही, कारण भरायला हातात नेमका कायदाच नव्हता. १९९० चा अमेरिकन अपंगत्व कायदा मालक, दुकानदार आणि सरकारी कचेऱ्या यांना बांधत होता. प्रणाली लिहिणाऱ्या कंपनीविषयी तो काहीच बोलत नव्हता. परंतु एका राज्याची खरेदी थांबण्याची शक्यता मायक्रोसॉफ्टला दुर्लक्षिता येण्यासारखी नव्हती. कंपनीने सुधारणेची आश्वासने दिली, आणि १९९७ मध्ये ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ नावाची व्यवस्था आली. प्रत्येक बटनाने, यादीने, चौकटीने आपले नाव, प्रकार आणि स्थिती स्क्रीन रीडरला स्वतः सांगावी, हे तिचे तत्त्व. नक्कल करण्याऐवजी सरळ विचारण्याची सोय झाली. गंमत अशी की त्याच वर्षी आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत कंपनीने आपलीच ही व्यवस्था पाळली नव्हती. अंध वापरकर्त्यांनी आरडाओरड केल्यावर सुधारित आवृत्ती काढावी लागली.

खरेदीदाराच्या या ताकदीला अमेरिकी संसदेने १९९८ मध्ये कायद्याचे रूप दिले. पुनर्वसन कायद्याचे कलम ५०८ हे १९८६ पासून कागदावर होते, पण त्याला दात नव्हते. १९९८ च्या दुरुस्तीने केंद्रीय सरकारी खात्यांवर सुगम्य, म्हणजे अपंगांनाही वापरता येईल असेच तंत्रज्ञान विकत घेण्याचे बंधन आले आणि जून २००१ पासून ते अमलात आले. कायद्याची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. बंधन खात्यावर होते, कंपनीवर नव्हे. तक्रारही खात्याविरुद्धच करायची. तरीही कंपन्या आपापल्या उत्पादनांचे सुगम्यता-अहवाल तयार करू लागल्या, कारण त्यांच्याशिवाय सरकारी निविदेत उभे राहणे कठीण झाले होते. त्या अहवालांत ‘अंशतः पूर्तता’ या शब्दांआड काय काय दडवता येते, हे मात्र अंध कर्मचाऱ्यांना लवकरच कळले.

दरम्यान इंटरनेट आले आणि भांडणाचे ठिकाण बदलले. १९९९ च्या मे महिन्यात वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने वेबसाइटच्या सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, आणि ‘सुगम्य म्हणजे नेमके काय’ या प्रश्नाला मोजता येईल असे उत्तर मिळाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्या संघटनेने अमेरिका ऑनलाइन कंपनीविरुद्ध बोस्टनच्या न्यायालयात दावा लावला. वर्षभराच्या आत तडजोड झाली, कंपनीने सॉफ्टवेअर सुधारण्याचे मान्य केले, पण कायदा इंटरनेट कंपनीला लागू होतो की नाही, हा मूळ मुद्दा अनिर्णित राहिला.

निर्णय आला तो ऑस्ट्रेलियात. सिडनी ऑलिंपिकच्या वेबसाइटवरील चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल असे वर्णन नाही, क्रीडाप्रकारांच्या पानांपर्यंत आणि निकालांच्या तक्त्यांपर्यंत आपल्याला पोचता येत नाही, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी जून १९९९ मध्ये तेथील मानवी हक्क आयोगाकडे केली. वेबसाइट आयबीएमने उभारली होती, पण प्रतिवादी होती आयोजन समिती. समितीचा बचाव पुढच्या सगळ्या बचावांचा नमुना ठरला. दुरुस्तीला एका माणसाचे वर्षभराहून अधिक काम आणि वीस लाख डॉलरहून जास्त खर्च लागेल, असे तिने सांगितले. तक्रारदाराच्या तज्ज्ञांचा अंदाज काही आठवड्यांचा होता. ऑगस्ट २००० मध्ये, खेळ सुरू होण्याच्या तोंडावर, आयोगाने समितीने बेकायदा भेदभाव केल्याचा निष्कर्ष काढला. समितीने पूर्ण दुरुस्ती केली नाही. खेळ आटोपले, आणि नोव्हेंबरमध्ये तिला वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायला सांगण्यात आले. ज्याला निकाल वाचायचे होते त्याला ते वाचता आले नाहीत, हे खरेच. पण चित्राला दोन शब्दांचे वर्णन न जोडणे हा भेदभाव असू शकतो, हे पहिल्यांदाच एखाद्या अधिकृत निर्णयात लिहिले गेले.

अमेरिकेत तेवढे व्हायला आणखी सहा वर्षे लागली. टार्गेट या दुकानसाखळीच्या वेबसाइटविरुद्धच्या दाव्यात २००६ मध्ये केंद्रीय न्यायालयाने असे धरले की, वेबसाइट जर प्रत्यक्ष दुकानाशी जोडलेली असेल तर तिला अपंगत्व कायदा लागू होऊ शकतो. २००८ मध्ये साठ लाख डॉलरवर तडजोड झाली. ‘दुकानाशी जोडलेली’ ही अट मात्र कळीची आहे. ज्या कंपनीचे दुकानच नाही, जी केवळ सॉफ्टवेअर विकते, ती या युक्तिवादाच्या चिमटीतून सहज निसटते.

म्हणूनच पुढची दोन मोठी यशे पुन्हा गिऱ्हाइकाच्या बाजूने आली. ॲमेझॉनचे किंडल पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू शकत होते, पण पुस्तक निवडण्याच्या यादीला आवाज नव्हता, म्हणजे अंध विद्यार्थ्याला ते स्वतःहून उघडताच येत नव्हते. संघटनांनी २००९ मध्ये दावा केला तो ॲमेझॉनवर नव्हे, तर वर्गात किंडल वापरू पाहणाऱ्या ॲरिझोना राज्य विद्यापीठावर. तडजोडीनंतर २०१० मध्ये अमेरिकी सरकारने देशभरच्या महाविद्यालयांना पत्र लिहून अशी उपकरणे वर्गात आणण्याविरुद्ध बजावले, आणि पुढच्या किंडलच्या याद्या बोलू लागल्या. ॲपलची गोष्ट थोडी निराळी. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या महाधिवक्त्यांच्या मध्यस्थीने आयट्यून्स सुगम्य करण्याचा करार झाला. जून २००९ मधल्या आयफोन थ्रीजीएसमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ हा स्क्रीन रीडर आधीच भरलेला आला, आणि नुसती गुळगुळीत काच असलेला फोन अंधांच्या हातात चक्क चालू लागला. यात दबाव किती आणि कंपनीची स्वतःची समज किती, याची वाटणी करणे अवघड आहे. पण स्क्रीन रीडर वेगळा, महाग आणि दुसऱ्या कोणाची तरी जबाबदारी असतो, ही समजूत त्या फोनने मोडली एवढे निश्चित.

युरोपने सरळ मार्ग घेतला. २०१९ च्या युरोपीय सुगम्यता कायद्याने संगणक, फोन, एटीएम, ई-पुस्तके, बँकसेवा आणि ऑनलाइन विक्री यांच्याबाबत उत्पादक, आयातदार, विक्रेता आणि सेवा पुरवणारा अशा प्रत्येकावर बंधन घातले. ते २८ जून २०२५ पासून लागू आहे. याच सुमारास अमेरिकेत आणखी एक पळवाट बंद होऊ लागली. वेबसाइटवर एक ओळीचा कोड चिकटवला की ती आपोआप सुगम्य होते, असा दावा करून साधन विकणाऱ्या ॲक्सेसीबी या कंपनीला तेथील व्यापार आयोगाने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. आरोप होता दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा. सुगम्यतेच्या कायद्याने जे साधले नाही ते जाहिरातीच्या कायद्याने साधले.

भारतात १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा संगणकाच्या पडद्याविषयी जवळजवळ गप्पच होता. सरकारी वेबसाइटसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांचे नावच ‘सूचना’ असल्याने त्या तशाच पाळल्या गेल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियमाने चित्र कागदावर तरी पालटले. कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञान आले आणि कलम ४६ ने खासगी सेवा पुरवणाऱ्यांनाही नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत सुगम्य होण्यास सांगितले. २०१७ मध्ये नियम आले, म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. पण पहिल्या उल्लंघनाला दंड दहा हजार रुपयांपर्यंतच, आणि अपंग व्यक्तींच्या मुख्य आयुक्तांचा निर्णय हा शिफारशीच्या स्वरूपाचा. मोठ्या कंपनीला दहा हजार रुपये म्हणजे एखाद्या बैठकीच्या चहापाण्याचा खर्च. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानक २०२३ मध्ये नियमांत आल्यावर निदान मोजपट्टी तयार झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे नियम शिफारसवजा ठेवणे मूळ कायद्याच्या विरोधात आहे असे ठरवून सरकारला सक्तीचे नियम करण्यास सांगितले. एप्रिल २०२५ चा निकाल याच वाटेवरचा.

मराठी वाचकांना याची एक घरची बाजूही ठाऊक असेल. प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरलेला संकेत देणारे ‘युनिकोड’ हे मानक रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या फाँटांत जुळवला जाई, त्यांत डोळ्यांना ‘शासन’ दिसे आणि आत मात्र रोमन अक्षरांचे निरर्थक संकेत साठवलेले असत. स्क्रीन रीडर आतले वाचतो, त्यामुळे अंध माणसाच्या कानावर मराठी परिपत्रकाऐवजी अगम्य बडबड पडे. दोष फाँट बनवणाऱ्याचा, तो वापरणाऱ्या टंकलेखकाचा की कार्यालयाचा, हे कोणी विचारलेच नाही. पुढे मायकेल करन यांनी ऑस्ट्रेलियात २००६ पासून घडवलेला ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर मराठीतही बोलू लागला, परंतु स्कॅन करून चढवलेली पीडीएफ त्याला आपणहून वाचता येत नाही, कारण त्याच्या लेखी ते एक कोरे चित्र असते.

एप्रिल २०२५ च्या निर्देशांत पापण्यांच्या उघडझापीला पर्याय ठेवणे, ठराविक काळाने सुगम्यतेची तपासणी करून घेणे, चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सामील करणे, तक्रारनिवारणाची सोय करणे आणि यंत्राने नाकारलेल्या अर्जाची माणसाकडून फेरतपासणी करणे यांचा समावेश आहे. ३१ जुलै २०२५ रोजी शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने आपल्या कक्षेतील संस्थांना सुगम्यतेची पूर्तता बंधनकारक करणारे परिपत्रक काढले. ही सगळी बंधने बँका, दलाल आणि म्युच्युअल फंड यांच्यावर आहेत. चेहरा तपासणारा सॉफ्टवेअरचा भाग यांतील बऱ्याच संस्था स्वतः लिहीत नाहीत, तो बाहेरच्या कंपनीकडून विकत घेतात. त्या कंपनीचे नाव कोणत्याही निर्देशात नाही. तिच्यापर्यंत हे बंधन पोचायचे, तर ते बँकेच्या खरेदी-करारात लिहिले जावे लागेल. मॅसॅच्युसेट्सच्या आयोगाने १९९५ मध्ये बोट ठेवले होते तेही नेमके याच कागदावर.